पाठीमागून पाहायचं देऊळ

[पहिलं दृश्य: देवळाची मागची बाजू, जमिनीच्या पातळीवरून. कॅमेरा सावकाश उजवीकडे सरकतो. थोडा वेळ फक्त पाखरांचा आवाज, मग निवेदन.]

हे देऊळ आपण मुद्दाम पाठीमागून पाहतोय. समोरून गेलो असतो तर आधी सपाट छताचा मंडप लागला असता, आणि तसे मंडप मराठवाड्यात गावोगाव आहेत. मागच्या बाजूला मात्र भिंतीला कोपराच नाही. दोन्हीकडच्या सरळ भिंती मागं येतात, गोल वळण घेतात आणि एकमेकींना मिळतात. वरचं छप्परही तेच वळण घेऊन खाली उतरतं. जाणकार या घाटाला गजपृष्ठ म्हणतात.

गाव तेर, जिल्हा धाराशिव. नदी तेरणा. देव त्रिविक्रम.

तुम्ही वेरूळचं दहावं लेणं पाहिलं असेल, सुतार की झोपडी. अजिंठ्याचं एकोणिसावं किंवा सव्विसावं पाहिलं असेल. लांबट दालन, टोकाला गोलाई, वर कमानदार छत आणि गोलाईच्या पोटात स्तूप. हे झालं चैत्यगृह, बौद्धांचं प्रार्थनेचं दालन. पण लेण्याला पाठ नसते. कोरणारे डोंगरात शिरत गेले, बाहेरचा डोंगर होता तसाच राहिला. मग मोकळ्या मैदानात बांधलेलं चैत्यगृह बाहेरून दिसायचं तरी कसं? बहुतेक ठिकाणी उत्खननात त्याच्या पायाच्या चार विटा हाती लागतात, वरचं सगळं कल्पनेनं उभं करावं लागतं. भिंती आणि छपरासकट टिकलेल्या विटांच्या इमारतींची गोष्ट निघाली, की अभ्यासक दोन नावं जोडीनं घेतात: आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर आणि आपलं तेरचं त्रिविक्रम.

अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या बसगाड्यांची रांग लागते. इकडे कोण येतं, ते या चौकटीतच दिसतंय.

[समोरची बाजू. मंडपाच्या छतावरून मागं डोकावणारी कमान. कॅमेरा तिथंच थांबतो.]

आता समोर येऊ. हा मंडप नंतरचा. त्याच्या छताच्या वर, मागच्या बाजूला बघा: घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान. ही मूळ इमारतीची दर्शनी बाजू. पितळखोऱ्याला, अजिंठ्याला हीच कमान दगडात भेटते, इथं ती विटांत आहे. मंडप बांधणाऱ्यांनी ती पाडली नाही. जुन्या घराला पुढं ओसरी काढावी तसं त्यांनी केलं.

इमारतीच्या वयाबद्दल अभ्यासकांचे अंदाज साधारण चौथ्या ते सहाव्या शतकात फिरतात. वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं. म्हणजे कैलासाला पहिली छिन्नी लागली, त्याच्या बऱ्याच आधीपासून इथं छप्पर होतं, आणि त्याखाली कोणी ना कोणी हात जोडून उभं होतं.

[विटांचे जवळून घेतलेले तुकडे. बोट विटेच्या कडेवरून फिरतं.]

वीट हा तेरचा खरा विषय. गावात उत्तरेश्वर आणि काळेश्वर ही आणखी दोन जुनी देवळं आहेत, तीही विटांचीच. सह्याद्रीत दगड हाताशी असतो, तिथं लेणी होतात. इथं नदीकाठची माती आहे आणि ती भाजणारे हात आहेत. मातीत धान्याचं तूस, भुसा मळायचा. भट्टीत तो जळून जातो आणि विटेत बारीक बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. इतकी, की तेरच्या जुन्या विटांपैकी काही पाण्यावर तरंगतात. शाळेच्या सहली आल्या की मुलांना हेच आधी बघायचं असतं.

हलक्या विटेचा उपयोग फक्त चमत्कार दाखवायला नाही. कमानदार छपराचं ओझं भिंतींना बाहेर ढकलतं. वीट जितकी हलकी, तितकी भिंत निश्चिंत. उत्तरेश्वराच्या विटांवर तर नक्षी आहे. बारीक पानाफुलांची कलाकुसर मातीतून काढलेली, वर ऊन पडलं की उठून दिसणारी. हे चित्रण आम्ही दुपार कलल्यावर केलं, त्याचं कारण तेच.

[बैलगाडीच्या चाकांचे जवळचे दृश्य. धुळीचा रस्ता. नकाशा: भडोच, पैठण, तेर.]

एवढी कारागिरी या गावात कुठून आली, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. थोडं म्हणजे दोन हजार वर्षं.

पहिल्या शतकात कुणा एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव दिलेलं नाही. तांबड्या समुद्रातून निघालेल्या जहाजांनी कोणत्या बंदरात काय विकावं, काय घ्यावं, असा सगळा रोकडा हिशेब. त्यात दक्षिणापथातल्या, म्हणजे दख्खनच्या, दोन बाजारपेठा तो खास म्हणून सांगतो. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर एक फार मोठं शहर, तगर. पैठणहून अकीक यायचे. तगरहून साधं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, शिवाय पूर्व किनाऱ्याकडून तगरात येऊन पडलेला माल. हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला उतरायचं.

रस्ते नसलेला मुलूख. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. लादलेल्या बैलगाडीनं दिवसाला पंधरा किलोमीटर काटले, तर दहा दिवस बरोबर लागतात. पण तगर म्हणजे तेर, हे ठरायला विसावं शतक उजाडलं. तोवर कोणी देवगिरीचं नाव घेतलं, कोणी जुन्नरचं. रा. गो. भांडारकरांनी बीडकडच्या धारूरचं नाव सुचवलं होतं. घोळ व्हायला थोडा तो व्यापारीही जबाबदार, कारण तेर पैठणच्या नीट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. शेवटी 1901 मध्ये जुन्या शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, असं मांडलं. पाठोपाठ हेन्री कझिन्स इथं आले. तेव्हा हा निजामाचा मुलूख. पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या वार्षिक अहवालात कझिन्स यांनी तेरवर सविस्तर लिहिलं आणि त्रिविक्रमाची ही पाठमोरी गोलाई पहिल्यांदा विद्वानांच्या नजरेत भरली.

त्याही आधी तगरचं नाव राजांच्या मिरवणुकीत होतं. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवून घेत. राज्य कुठं, तगर कुठं. पण मूळ घराण्याचं गाव म्हणून मिरवावं असं ते नाव होतं.

[गाभारा. समईच्या उजेडात त्रिविक्रमाची मूर्ती. पुजारी फुलं वाहतात. इथं मूळ आवाज राहू द्या.]

हा त्रिविक्रम. वामनानं बळीकडं तीन पावलं जमीन मागितली आणि तिसऱ्या पावलाला जागा उरली नाही, ती गोष्ट. एक पाय वर उचललेला, पायाशी बळीची कथा.

मग चैत्यगृहात विष्णू कसा? कझिन्स यांचं म्हणणं, ही मुळात बौद्ध वास्तू, पुढं ती वैष्णव देवळात बदलली. काही अभ्यासकांना ते पटत नाही. हा घाट तेव्हा सगळ्यांच्याच देवांसाठी वापरात होता, असा त्यांचा मुद्दा. चेझर्ल्याच्या गजपृष्ठ छपराखालीही आज शंकरच आहे. या वादात उगाच आवाज चढवण्यासारखं काही नाही. वीट घडवणारा, छपराचा बाक साधणारा गवंडी तोच होता. तेरमध्ये बौद्धांचा मोठा वावर होता हे तर जमिनीनंच सांगितलंय, उत्खननात इथं विटांचा स्तूप निघाला. गावात जैनांचंही जुनं क्षेत्र आहे, त्यांची यात्रेकरू मंडळी वेगळ्या वाटेनं येतात.

आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तो स्तूप टेकाडाखाली गेला आणि ही इमारत उभी राहिली. माती तीच, पाऊस तोच. फरक पडला तो दिवाबत्तीनं. जिथं रोज कोणी झाडलं, पावसाळ्याआधी गळती बुजवली, गिलावा दिला, ते टिकलं. जिथली वर्दळ थांबली तिथल्या विटा लोकांनी घरांना नेल्या. पुरातत्त्वाच्या पुस्तकात झाडू मारणाऱ्या बाईचं नाव येत नाही, पण तेरच्या देवळाची देखभाल शतकानुशतकं अशाच हातांनी केलीय.

[संग्रहालय. काचेच्या कपाटांवरून कॅमेरा फिरतो. हस्तिदंती बाहुलीवर थांबतो.]

हे गावातलंच शासकीय वस्तुसंग्रहालय, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं. लामतुरे तेरचेच. पाऊस पडून गेला की टेकाडांवरची माती धुऊन जाते आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात. गावातली पोरं ते खेळायला घेत. लामतुऱ्यांनी ते जपायला घेतलं. आयुष्यभर गोळा केलं, हजारो वस्तू, आणि सगळं सरकारच्या हवाली केलं. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला विकलं असतं तर पैसा झाला असता. तसं झालं नाही म्हणून तेरच्या वस्तू तेरमध्ये आहेत.

सातवाहनांची नाणी. शंखाच्या बांगड्या. पांढऱ्या चिकणमातीच्या, साच्यातून काढलेल्या बाया, केसांची ठेवण इतकी नेटकी की आजही कोणी करून बघावी. ही मातीची पदकं बघा, रोमन नाण्यांवरून उठवलेली, गळ्यात ओवण्यासाठी. सोन्याचं नाणं परवडत नसेल, पण रोमच्या बादशहाचं तोंड गळ्यात मिरवायची हौस होती.

आणि ही हस्तिदंती स्त्री. आरशाची किंवा तसल्याच एखाद्या वस्तूची मूठ असावी, असा कयास आहे. हिच्यासारखीच एक मराठवाड्यातच, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, उत्खननात मिळाली. आणि अशीच आणखी एक 1938 मध्ये इटलीत, पॉम्पेई शहराच्या राखेखालून निघाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा ती तिथं कुणाच्या तरी घरात होती. गाड्यांवरून भडोच, भडोचहून जहाज, पुढं रोमचं साम्राज्य. ती नेमकी कोणत्या गावच्या कारागिरानं कोरली, यावर वाद घालू द्या विद्वानांना. तिची बहीण इथं आहे, एवढं कॅमेऱ्याला पुरेसं आहे.

[चैत्र वद्य. यात्रा. टाळ-मृदंग, पताका, तेरणेचं पात्र. मूळ आवाज पूर्ण.]

महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळं. तेरणेच्या काठी त्यांची समाधी. चैत्र वद्य एकादशीपासून यात्रा भरते, त्रयोदशीला समाधीचा दिवस. वारीला पालखी पंढरपूरला निघते. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नामात हरवलेला कुंभार, पायाखाली आलेलं लेकरू. ही गोष्ट निवेदनात सांगायची नाही असं आम्ही ठरवलंय, या बायांच्या चेहऱ्यांवर ती दिसते.

दुसरी सांगतो. संतांचा मेळा जमलेला. मडकं भाजलंय की कच्चं, हे थापटण्यानं वाजवून बघतात तसं गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले. मडकं कच्चं निघालं. तिथून नामदेव गुरू शोधत औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले, तेही मराठवाड्यातच. ज्या गावानं पंधराशे वर्षं टिकणारी वीट भाजली, त्या गावच्या कुंभाराला कच्चंपक्कं कळणारच.

[टेकाड. कडेनं उकरलेली माती. पलीकडं नवी घरं. दृश्य लांबवू नये.]

टेकाडांची पांढरी माती शेतात आणि बांधकामात जाते, गाव वाढतंय, घरं टेकाडांवर चढतायत. त्यांच्या पोटात अजून काय आहे, ते उत्खननाशिवाय कळणार नाही.

[शेवटचा भाग. ढोकीचा रस्ता, साखर कारखान्याची चिमणी, तेरची पाटी.]

रेल्वेनं आलात तर ढोकीला उतरा, तिथून तेर जवळ आहे. धाराशिवहून एसटी आहे. बहुतेक जण गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन परत फिरतात. थोडा वेळ काढा. आधी संग्रहालयात जा, तरंगणारी वीट हातात घ्यायला मिळते का विचारा, आणि मग त्रिविक्रमाकडं या. मंडपातून दर्शन झालं की लगेच चपला घालू नका. उजव्या हातानं प्रदक्षिणेला निघा आणि मागच्या गोलाईपाशी थांबा. सोबत शाळेतली मुलं असतील तर त्यांना तिथं एक प्रश्न विचारा: या भिंतीचा कोपरा कुठं आहे?