"ते पालक येतच नाहीत हो!" | कोल्हापूरच्या शाळांशी थोडं मनापासून

नमस्कार मंडळी.

शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी. या पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेत पालकसभेचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ते पालक येतच नाहीत हो." ते म्हणजे फौंड्रीत राबणारे बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार, यंत्रमागावरची परप्रांतातली कुटुंबं, हंगामात ऊसतोडीला आलेली बीडकडची माणसं. आणि लगेच पुढचं वाक्य येतं: "त्यांना पोरांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नाही."

हे दुसरं वाक्य मला पटत नाही. ते का चुकीचं आहे, ते आज सांगते.

आधी वेळेचं बघा. सभा कधी असते? कामाच्या दिवशी सकाळी अकराला. तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस भट्टीसमोर उभा असतो. सभेला यायचं तर खाडा, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. निरोप जातो तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, "सर्व पालकांना सूचित करण्यात येते की" अशा मराठीत. ही भाषा आपल्यालाच जड जाते, तर जी आई मराठी वाचतच नाही तिनं काय करायचं? ती मेसेज पोराला दाखवते आणि पोरगं सांगेल ते खरं.

इथं जरा थांबते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गडबड इथंच होते.

डोळ्यासमोर आणा. चौथीतला मुलगा, शेजारी आई, समोर वर्गाच्या बाई. बाईंच्या लक्षात आलंय की पोराला फळ्यावरचं नीट दिसत नाही. त्या तळमळीनं सांगतात, "डोळे तपासून घ्या, चष्मा लागेल असं वाटतंय." आईला मराठी येत नाही, बाईंची हिंदी अर्धीमुर्धी. मग दोघी बघतात पोराकडे. पोराला घरातलं सगळं ठाऊक असतं. खोलीचं भाडं थकलंय, पगाराला अजून अवकाश आहे. ते आईला सांगतं, "कुछ नहीं, ऐसे ही बुलाया था." आई हात जोडते आणि निघते. बाईंना वाटतं, सांगून झालं. पुढे काहीच घडत नाही, आणि बाई म्हणतात, पालक बेफिकीर आहेत.

खरं तर सरकारी शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत तपासणी होते, डोळ्यांचीसुद्धा. एवढंच त्या माऊलीला समजलं असतं तरी काम झालं असतं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, पोराला दुभाषा करू नका. निदान त्याच्या तब्येतीचं, पैशाचं किंवा तक्रारीचं बोलणं असेल तेव्हा तरी नको. त्याच वस्तीतली, दोन्ही भाषा येणारी एखादी आई शोधा. बहुतेक ठिकाणी अशी ताई असतेच.

पण अडचण नुसत्या भाषेची आहे असंही समजू नका. ऊसतोडीची कुटुंबं मराठीच बोलतात की! तरी शाळेचं आणि त्यांचं बोलणं होत नाही. पहाटे अंधारात फडात जायचं, रात्री कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, परतायचं. दिवाळीच्या आसपास यायचं आणि पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की परत गावाकडं. अशा मुलाला शाळेनं विचारावं ते "दाखला कुठाय?" शिक्षण हक्क कायदा, 2009, सरळ सांगतो की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अशा घरांशी बोलायचं तर संध्याकाळी कोप्यांवरच जावं लागेल, आणि आधी मुकादमाशीही बोलावं लागेल. काही शिक्षक हे करतात, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून. त्यांना मनापासून नमस्कार.

(दसरा चौक. मागे बोर्डिंगची इमारत.)

मी मुद्दाम इथं आलेय. शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला 1917 साली. पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, या गावात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज अशा सगळ्यांच्या मुलांसाठी एकेक वसतिगृहं उभी राहत गेली. 1906 साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतलं. त्या त्या समाजातली माणसं जमवून त्यांच्या हाती कारभार दिला. पोरं शिकावीत म्हणून राजा लोकांकडं गेला. मग आपण वस्तीवर जायला का लाजावं?

कारभारावरून आठवलं. तुमच्या शाळेच्या कार्यालयात शाळा व्यवस्थापन समितीचा फलक असेल, तो वाचा. कायद्यानं 75 टक्के सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्या पटावर वीस पोरं परप्रांतातल्या मजुरांची असतील आणि फलकावर त्यांच्यातलं एकही नाव नसेल, तर सभेला कोण येणार आणि कशासाठी येणार?

आता हे सगळं एका दिवसात होणार नाही, मला कळतं. शिक्षकांच्या डोक्यावर कामं कमी नाहीत. पण सुरुवात एका फोननं होते. तक्रार नसताना फोन करा. "तुमच्या मुलीनं आज तेराचा पाढा बिनचूक म्हटला." मोडक्या हिंदीत सांगा, चालतं. ज्या घरी शाळेचा फोन म्हणजे काहीतरी वाईटच अशी धास्ती असते, तिथं पुढच्या वेळी तुमचा फोन लगेच उचलला जाईल. ग्रुपवर लेखी सूचनेसोबत तीच गोष्ट आवाजात सांगा, मराठीत आणि हिंदीत. सभा रविवारी सकाळी किंवा पाळी सुटल्यावर ठेवा. आणि सभेत आधी त्यांना बोलू द्या: गावाला कधी जाणार, परीक्षेच्या आधी की नंतर, पोरगं घरी काय सांगतं, डब्यात काय आणतं आणि त्यावरून कुणी चिडवतं का. या चिडवण्याबद्दल आया बोलायला लागल्या की थांबत नाहीत, म्हणून त्यासाठी वेळ राखून ठेवा.

तुमच्या शाळेत सभेची वेळ बदलून बघितली असेल, तर काय फरक पडला ते खाली लिहा. पुढच्या भागात ते अनुभव मी शाळेच्या नावाशिवाय वाचून दाखवेन.