गवतानं तुटायचं की गुडघ्यानं?

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘अमेरिकन फुटबॉल : प्लास्टिकचं मैदान की गवताचं?’ तुमच्यातल्या निम्म्यांना या खेळाचा कंटाळा आहे, हे मला ठाऊक आहे. ‘दोन पावलं पळतात, पडतात, मग जाहिराती’ हे आमच्या घरचंही मत. पण ईस्ट रदरफर्डचं मेटलाइफ स्टेडियम आपल्या अंगणातलं. ११ सप्टेंबर २०२३ला तिथं जेट्स संघाचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, एरन रॉजर्स चौथ्याच डावाला खाली बसला. टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला, हंगाम संपला. त्याला समोरच्यानं धरून पाडलं होतं, तेव्हा सगळं खापर जमिनीवर फोडू नये. तरी दुसऱ्या दिवशी सगळे बोलत होते ते तिथल्या प्लास्टिकच्या जमिनीबद्दलच.

मी जन्मभर विजेचं काम केलं, त्यामुळे मला हा प्रश्न फ्यूजचा वाटतो. काहीतरी जळणारच असेल, तर ते दोन रुपयांचं जळावं. धावता धावता खेळाडू पाय रोवतो आणि वळतो. क्लीट्स, म्हणजे बुटांच्या तळाचे खुंट, जमिनीत रुतलेले, वर शंभर किलोचं शरीर फिरतंय. गवत असेल तर मुळांसकट मातीचं ढेकूळ उपटतं आणि पाय सुटतो. प्लास्टिक उपटत नाही. मग तो सगळा पीळ घोट्यात आणि गुडघ्यात जातो. मला सांगायचंय ते एवढंच. पण आधी ह्यूस्टनची गोष्ट, कारण ती मी सांगितल्याशिवाय राहत नाही. (सौ. पहिल्या रांगेत मान हलवताहेत.)

१९६५ साली ह्यूस्टनमध्ये अ‍ॅस्ट्रोडोम उघडलं. छताखालचं बेसबॉलचं भलंमोठं मैदान, आत वातानुकूलन. ह्यूस्टनचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना त्याचं मोल कळेल. छताला हजारो पारदर्शक तावदानं, खाली मुद्दाम निवडलेलं बर्म्युडा गवत. सगळा हिशेब झालेला होता. फक्त दिवसा उंच गेलेला चेंडू त्या तावदानांच्या झगमगाटात दिसेना! खेळाडू खाली डोकं धरून उभे. मग काय, तावदानांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला, पण ऊन बंद झालं आणि गवत मेलं. आता आपल्यासारख्या माणसाला वाटेल, रंग खरवडतील. नाही! त्यांनी मेलेलं गवत आणि खालची माती हिरवी रंगवली आणि उरलेला हंगाम त्यावर काढला. पुढच्या वर्षी मोन्सँटो कंपनीचा प्लास्टिकचा गालिचा आला. तोही एका हप्त्यात पुरला नाही. आधी आतल्या भागात, बाहेरच्या भागात जुलैत. मैदान झाडणारे अंतराळवीरांच्या पोशाखात व्हॅक्यूम फिरवायचे. त्या गालिच्याचं नाव अ‍ॅस्ट्रोटर्फ. म्हणजे बघा, एका छताची चूक झाकायला आलेली वस्तू पुढे जगभर ‘आधुनिक’ म्हणून विकली गेली. १९६९ला फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर ती एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही घुसली. डिक अ‍ॅलन या बेसबॉलपटूच्या नावावर एक वाक्य सांगतात : घोडा जे खाणार नाही, त्यावर मी खेळणार नाही.

याच गालिच्यानं १९७६ला माँट्रियलमध्ये आपल्या हॉकीचं काय केलं... सातवा नंबर! नको, तिकडे वळलो तर रात्र होईल.

फिलाडेल्फियाचंच बघा. तिथल्या व्हेटरन्स स्टेडियमच्या गालिच्यावर १० ऑक्टोबर १९९३ला शिकागोचा वेंडेल डेव्हिस पास घ्यायला उडी मारायला गेला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांचे स्नायुबंध एकदम तुटले. तिथंच कारकीर्द संपली. त्याच मैदानावर २००१च्या ऑगस्टमध्ये बाल्टिमोरच्या प्रशिक्षकानं गालिच्याचे सांधे पाहिले आणि संघ उतरवायला नकार दिला. सराव सामना रद्द.

संयोजकांची चिठ्ठी आली : पाच मिनिटं. वडे निवताहेत म्हणे. बरं, पळवतो.

आकडे. एनएफएल खेळाडूंच्या संघटनेनं २०२०मध्ये मांडले, काळ २०१२ ते २०१८. कोणी न धडकता झालेल्या पायाच्या दुखापती कृत्रिम मैदानावर २८ टक्के जास्त. गुडघ्याच्या ३२, पावलाच्या आणि घोट्याच्या ६९ टक्के. लीग म्हणते, २०२१मध्ये फरक जवळपास नव्हता. खरं आहे, पण ते एक वर्ष.

दुसरं, गवत म्हणजे देव नव्हे. फेब्रुवारी २०२३ची सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलला खास वाढवलेल्या गवतावर झाली आणि खेळाडू घसरत होते. फ्यूज फार हलका लावला की तोही सारखा उडतो.

तिसरं, मालकांची कारणं : थंडी, छत, मैफली. थंडीचं उत्तर विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेचं मैदान. तिथं जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत आणि गवतात थोडे कृत्रिम धागे शिवलेत. छताचं उत्तर पुन्हा ग्लेनडेल. तिथं गवताचा अख्खा ट्रे उन्हात बाहेर जातो. आणि पैसे नाहीत म्हणाल, तर २०२६च्या सॉकरच्या विश्वचषकासाठी फिफानं गवताची अट घातली तेव्हा अमेरिकेतल्या ११ मैदानांपैकी ७ कृत्रिम होती. आपलं मेटलाइफ त्यातलंच. एकानंही ‘जमणार नाही’ म्हणून यजमानपद सोडलं नाही.

शेवटचं. लास वेगासच्या अ‍ॅलिजियंट स्टेडियममध्ये रेडर्स हा व्यावसायिक संघ खेळतो तेव्हा गवताचा ट्रे आत येतो. विद्यापीठाची पोरं खेळतात तेव्हा तो बाहेर राहतो आणि ती प्लास्टिकवर उतरतात. छत तेच, खेळ तोच. आपल्या नातवंडांच्या हायस्कूलची मैदानं कशाची आहेत, ते तुम्हाला माहीतच आहे. प्रश्न असतील तर वड्यांच्या टेबलापाशी विचारा.