रंग दारात येऊन पाहावा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या सीतलामाता बाजारात, एका दुकानाच्या उंबरठ्यावर एक बाई उभ्या आहेत. त्यांच्या हातात डाळिंबी कापडाचे एक टोक असून उरलेला तागा आत गादीवर पसरलेला आहे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली हे कापड जांभळट भासत होते; उन्हात येताच त्यातला विटकरी लालपणा वर आला. रंग नेहमी दारात येऊन पाहावा, ही त्यांच्या आईची शिकवण, आणि ती शास्त्रालाही धरून आहे; कारण दिव्यात जो प्रकाश असेल त्यातलाच काही भाग कापड परत पाठवते, आणि दिवा बदलला की रंगही बदलतो.

राजेंद्रनगरात राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेने नोकरीची सारी वर्षे मोतिया, बदामी आणि राखाडी साड्यांत काढली. रंगीत साड्या कपाटातच राहिल्या, कारण त्या ‘सणाच्या’ होत्या. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, चिंब होणारे हे शहर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाताना मात्र करड्या शर्टाची बटणे लावते, हे पाहून गंमत वाटते.

रोजच्या कपड्यांत रंग कसा आणावा, याचे उत्तर इंदूरपासून सुमारे 90 किलोमीटरवर, नर्मदेकाठच्या महेश्वरात, हातमागावर विणलेले सापडते. 1767 ते 1795 या काळात अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरहून राज्यकारभार केला आणि तिथल्या विणकामाला आश्रय दिला. आजची महेश्वरी साडी बहुधा रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) यांची असते. तिच्या रंगांची नावे मराठी घराला परकी नाहीत: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभूळ, तपकिरी, आमरस.

पण नावांपेक्षा रचना पाहण्याजोगी आहे. साडीचे अंग बहुतेक वेळा साधे, बारीक चौकड्यांचे किंवा पट्ट्यांचे असते, आणि रंगाचा सारा ठसका काठात आणि पदरात साठवलेला असतो. बाईंनी आता काठ उलटून धरला आहे. मागची बाजूही पुढच्यासारखीच नेटकी आहे, म्हणून ही साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. अंग शांत आणि काठ बोलका, हे प्रमाण साडी न नेसणाऱ्यांनाही उचलता येते. पांढऱ्या कुर्त्यावर राणी रंगाची ओढणी, निळ्या शर्टाखाली मोहरीच्या रंगाचे मोजे, किंवा छापील कुर्त्यातला सर्वांत कमी जागा व्यापणारा रंग हेरून त्याच रंगाची सलवार, एवढ्याने सुरुवात पुरेशी होते. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या लाल-काळ्या ठशांची ओढणी तर नवशिक्यांसाठी फार सोयीची, कारण पांढऱ्या भुईवर मोजके दोनच रंग असल्याने ती सहसा कशाशीही भांडत नाही.

एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोघेही बदलतात, हे मात्र विसरून चालत नाही. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा रंग पुरेसा काळा उतरत नाही. तपासाअंती त्यांना आढळले की रंगात खोट नव्हती; शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. 1839 मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर प्रसिद्ध केला. म्हणूनच ‘काळा ब्लाउज कशावरही चालतो’ हा आपल्याकडचा ठाम समज आम्हाला तरी पटत नाही.

तसाच दुसरा समज म्हणजे सावळ्या वर्णाने फिकेच रंग वापरावेत. हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा सावळ्या चेहऱ्याजवळ मोरपंखी किंवा डाळिंबी पदर धरून पाहावा. गडद रंग तिथे जसा खुलतो तसा फिका गुलाबी क्वचितच खुलतो. अडचण वर्णाची नसून मे महिन्याची आहे. गडद कापड ऊन अधिक शोषते, आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलेल्या माळव्यातल्या दुपारी ते अंगभर नकोसे होते. अशा वेळी गडद रंग पातळ सुती ओढणीपुरता किंवा ब्लाउजपुरता ठेवणे शहाणपणाचे.

धुण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर नवा गडद कपडा पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा भिजवावा आणि उलटा करून सावलीत वाळत घालावा. रंग जातो की नाही, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने कापडाचा एखादा कोपरा चोळून आधीच कळते.

बाईंनी शेवटी साडी घेतलीच नाही. त्या डाळिंबी कापडातून ब्लाउजपुरता ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा कापून घेतला आणि घरी येऊन शाळेतल्या दिवसांतली राखाडी महेश्वरी कपाटातून काढली. खिडकीपाशी त्यांनी तुकडा साडीवर ठेवला, तेव्हा इतकी वर्षे नुसती राखाडी वाटलेली साडी किंचित हिरवट, शेवाळी दिसू लागली. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या, मग तुकडा पुन्हा पिशवीत घातला आणि शिंप्याकडे निघाल्या. बाह्या कोपरापर्यंत ठेवायच्या की आखूड, एवढे अजून ठरायचे होते.