नळी फुटण्याऐवजी तुंबते

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना आजचा विषय ‘उच्च रक्तदाब आणि रक्तस्राव’ असा सांगितला. निमंत्रणपत्रिकेत तो ‘उच्च रक्तदाब आणि रक्त साकळवणारी प्रथिने’ असा छापला आहे, म्हणजे नेमका उलटा. मी त्यांना दोष देणार नाही, कारण त्यांच्या जिभेने जे केले तेच आपल्या सर्वांचे मन करत असते. दाब वाढला की नळी फुटणार, हा तर्क इतका सोपा आहे की त्यावर शंका घ्यावी असे कोणाला सुचतही नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या पक्षाघाताचे मोठे कारण उच्च रक्तदाब हेच आहे, हे खरे. तरीही जगभरातल्या पक्षाघातांचा हिशोब मांडला, तर वाहिनी फुटून होणाऱ्यांपेक्षा ती बंद पडून होणारे अधिक भरतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यामागे तर बहुतेक वेळा गुठळीच असते. जास्त दाबाची नळी फुटण्याऐवजी तुंबते, या विसंगतीला ‘बर्मिंगहॅम विरोधाभास’ असे नावही मिळाले आहे. त्या कोड्यात प्रथिनांचा वाटा किती, ती गुन्हेगार आहेत की केवळ साक्षीदार, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे.

गुठळी का होते याची तीन कारणे विद्यार्थी विर्खो यांच्या नावाने पाठ करतात : प्रवाहातला बिघाड, वाहिनीच्या भिंतीतला बिघाड आणि खुद्द रक्तातला बिघाड. एकोणिसाव्या शतकातल्या या जर्मन वैद्याने ती अशी सुटसुटीत त्रयी करून मांडली नव्हती, ती पुढच्यांनी त्यांच्या नावावर जमा केली; पण उच्च रक्तदाबाला ती चपखल बसते, कारण तिन्ही बिघाड तेथे एकत्र नांदतात. त्यांतल्या तिसऱ्याच्या मागे मी उमेदीची काही वर्षे घालवली, आणि त्या काळातली एक फजिती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्यांनी ती आधी ऐकली आहे त्यांनी कृपया शेवट फोडू नये.

मी तेव्हा निवासी डॉक्टर होते आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये व्हॉन विलेब्रँड घटक, आठवा घटक आणि फायब्रिनोजेन या रक्त साकळवणाऱ्या तीन प्रथिनांचे प्रमाण मोजत होते. तुलनेसाठी निरोगी माणसे हवी होती. ती तळमजल्यावर, खुर्चीत आरामात बसलेल्या कर्मचाऱ्यांतून मिळाली. रुग्णांचा विभाग चौथ्या मजल्यावर होता आणि त्या काळात इमारतीची लिफ्ट बंद होती. रुग्ण धापा टाकत वर येत, मी तत्परतेने त्यांचा दाब मोजी, त्याच तत्परतेने रक्त घेई, आणि रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा करी. निकाल आले तेव्हा मला आनंदाने झोप लागली नाही. रुग्णांमध्ये पहिले दोन घटक डोळ्यांत भरण्याइतके वाढलेले होते आणि फायब्रिनोजेनमध्ये मात्र जेमतेम फरक होता. मी त्यावर एक भव्य सिद्धान्तही रचला. माझ्या प्राध्यापकांनी तक्ते शांतपणे पाहिले आणि विचारले, “बाई, तुम्ही रक्तदाब मोजलात की जिना?”

श्रम झाले, भीती वाटली, शरीरात अ‍ॅड्रेनालिन उसळले, की वाहिनीच्या अंतःस्तरातल्या पेशी साठवलेला व्हॉन विलेब्रँड घटक काही मिनिटांत रक्तात सोडतात, आणि आठवा घटक रक्तात त्यालाच बिलगून असल्यामुळे तोही वाढतो. फायब्रिनोजेन यकृतात तयार होते आणि रक्तात काही दिवस टिकते, म्हणून चार मजल्यांनी त्याला विशेष फरक पडत नाही. माझ्या तक्त्यात हे सगळे स्पष्ट लिहिलेले होते, फक्त वाचणारी मी नव्हते. सुईला घाबरणारा रुग्ण, रक्त घेताना दंडाला फार वेळ आवळून ठेवलेला पट्टा, रुग्ण किती वेळ बसला होता याची नोंदच नसणे, असल्या गोष्टी या विषयात जितका गोंधळ घालतात तितका कोणताही आजार घालत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे, आणि आज समोर एवढी माणसे बसली आहेत म्हणून ती नोंदवून ठेवते.

व्हॉन विलेब्रँड घटक मुळात ओळखला गेला तो त्याच्या अभावामुळे. 1926 साली फिनलंडमधले वैद्य एरिक फॉन विलेब्रँड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाच्या आजाराचे वर्णन केले, आणि त्यांचे नाव नंतर प्रथिनालाही चिकटले. हे प्रथिन एरवी सुताच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असते. अरुंद झालेल्या वाहिनीत रक्त भिंतीला जोराने घासून जाऊ लागले, की तो गुंडा उलगडतो, लांब दोरी होते आणि तिला प्लेटलेट, म्हणजे गुठळीची सुरुवात करणाऱ्या रक्तातल्या बारीक कणिका, अडकतात. प्रवाहातल्या बिघाडाला रक्तातला बिघाड भेटतो तो इथे. उच्च रक्तदाबाच्या कित्येक रुग्णांत हा घटक, जिने न चढताही, वाढलेला आढळतो, आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की ज्या अंतःस्तरातून तो गळतो तो अंतःस्तर दुखावला आहे. जाता जाता सांगते, ओ रक्तगटाच्या माणसांत तो मुळातच सुमारे चतुर्थांशाने कमी असतो. तेव्हा रक्तगट न विचारता दोन माणसांची तुलना करणाऱ्याला माझ्या जिन्याला हसण्याचा अधिकार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि कबूल केलेला विषय अजून बाकी आहे.

फायब्रिनोजेनचे नेहमीचे प्रमाण दर डेसिलिटरला 200 ते 400 मिलिग्रॅम असते. थ्रॉम्बिन हे विकर त्याचा थोडा भाग छाटते, त्यातून फायब्रिनचे धागे होतात आणि तेराव्या घटकाने ते एकमेकांना शिवले जातात. ज्यांचे फायब्रिनोजेन जास्त, त्यांना झटका आणि पक्षाघात अधिक, हे 1980च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्ग आणि अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम येथील पाहण्यांत दिसले. परंतु धूम्रपान, लठ्ठपणा, वाढते वय आणि शरीरातला कोणताही दाह यांनीही ते वाढते, आणि ही मंडळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी आधीच मुक्कामाला असतात. उलट, ज्यांच्यात जनुकांमुळेच ते जन्मापासून थोडे जास्त असते, त्यांच्यात हृदयविकार त्या मानाने वाढलेला दिसत नाही. म्हणून फायब्रिनोजेनला मी साक्षीदारांच्या रांगेत बसवते.

गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला अडवणाऱ्या पीएआय-1 या प्रथिनाबाबत माझे मत इतके सौम्य नाही. रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन-2 हेच रसायन पेशींना पीएआय-1 बनवायला लावते, आणि पीएआय-1 पहाटे व सकाळी सर्वांत जास्त असते. त्याच वेळी दाबही चढतो आणि झटक्यांची संख्याही. अँजिओटेन्सिन बनू न देणारी एसीई रोधक औषधे पीएआय-1 खाली आणतात असे दिसले आहे, तेव्हा याला साक्षीदार म्हणून मोकळे सोडायला माझे मन तयार नाही.

मागच्या रांगेतून प्रश्न आला आहे की ही प्रथिने तपासून घ्यावीत का. नेहमीच्या उपचारात त्याची गरज नाही, कारण आकडा काहीही आला तरी दाबाचे औषध त्यावरून बदलत नाही. दुसरा प्रश्न ‘रक्त पातळ करण्याच्या गोळी’चा. अ‍ॅस्पिरिन रक्त पातळ करत नाही आणि या प्रथिनांना हातही लावत नाही. ते प्लेटलेटची एकमेकांना चिकटण्याची शक्ती कमी करते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या, उच्च रक्तदाबाच्या उपचारांवरच्या ‘हॉट’ नावाच्या चाचणीत 18,790 रुग्णांचा दाब औषधांनी खाली ठेवून त्यांतल्या निम्म्यांना रोज 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले होते. हृदयविकाराचे झटके सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, पक्षाघात कमी झाले नाहीत आणि मोठे रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाले. म्हणजे अध्यक्षमहाराज, रक्तस्राव हा विषय शेवटी आलाच, फक्त तो दाबाच्या दाराने न येता औषधाच्या दाराने आला.