घाट, विमान आणि पाणी : कानात दडे बसतात तेव्हा

[दृश्य : गगनबावडा. करूळ घाटाच्या तोंडाशी एसटी वळण घेते.]

कोल्हापूर सोडून कोकणाच्या वाटेला लागलं की कुठला ना कुठला घाट उतरावाच लागतो. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा. चार-सहा वळणं झाली की गाडीतली बडबड कमी होते. कुणी जबडा हलवून बघतं, कुणी कानात करंगळी घालतं. कानात दडे बसलेले असतात. मागच्या सीटवर तान्हं बाळ रडायला लागतं. आईला वाटतं भूक लागली, ती त्याला पाजायला घेते. तिचं कारण चुकलं असेल, पण उपाय एकदम बरोबर आहे. दूध गिळताना बाळाचा कान मोकळा होतो.

[दृश्य : कानाची आकृती.]

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तो मधला कान. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते. लहान मुलांत तर आणखी आखूड आणि आडवी, म्हणून मुलांचे कान लवकर धरतात. एरवी ही नळी मिटलेली असते. आवंढा गिळताना, जांभई देताना टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो.

घाट चढताना आतली हवा प्रसरण पावते आणि आपली आपण बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळीचं तोंड ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखं चिकटतं. आतून फुंकर आली तर ते उघडेल. बाहेरून जितकं दाबाल तितकं घट्ट बसेल. दाबातला फरक पाऱ्याच्या साधारण 90 मिलिमीटरवर गेला, की गिळून किंवा जांभई देऊन नळी उघडतच नाही. त्यामुळे कान दुखायची वाट बघायची नसते. उतार सुरू झाला की लगेच गिळायला सुरुवात करायची.

[दृश्य : कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ. मग मालवणची किनारपट्टी, बोटी.]

आता हिशेब बघा. गगनबावड्यावरून खाली सुमारे 500 मीटर उतरलो, की दाब 40 ते 45 मिलिमीटर वाढतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब जास्तीत जास्त 8000 फूट उंचीइतका कमी ठेवतात. तिथून समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबईला उतरताना तो 190 च्या आसपास वाढू शकतो. आणि पाण्यात? अवघ्या सव्वा मीटरवर 90 मिलिमीटर! अख्ख्या घाटाचा दाब अर्ध्या मीटरच्या जरा खाली डोकं गेलं की कानावर येतो. कोल्हापूरची कितीतरी पोरं सुट्टीत मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला जातात. 'पाणी उथळ आहे, काय होतंय' असं म्हणत उतरतात. कानाला सगळ्यात जास्त धोका त्याच पहिल्या काही मीटरमध्ये असतो.

कान मोकळा करायच्या दोन पद्धती शिकून ठेवा. पहिली, नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा. दुसरी इटलीच्या अँटोनिओ वाल्साल्वा यांच्या नावानं ओळखली जाते. कानावरचा त्यांचा ग्रंथ 1704 सालचा. नाक दाबा, तोंड मिटा, हळू फुंका. हळू, हा शब्द लक्षात ठेवा. जीव खाऊन फुंकलं तर मधल्या कानाच्याही पलीकडच्या, आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. पाण्यात उतरताना दर अर्ध्या मीटरला हे करायचं. कान दुखला तर तळहात आडवा धरून डुगडुगवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. प्रशिक्षक थोडं वर घेईल, कान सुटला तर पुन्हा खाली, नाही सुटला तर त्या दिवशी बास. इअरप्लग घालून पाण्याखाली जायचं नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, पैसे भरले असले तरी.

विमानात सर्दी असेल तर उतरायला सुरुवात होण्याच्या अर्धा तास आधी ऑक्सिमेटाझोलिनसारखा नाकाचा स्प्रे उपयोगी पडतो. पण ब्लडप्रेशर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि तीन-चार दिवसांपेक्षा जास्त तो कुणीच वापरू नये. विमान उतरताना झोपू नका. झोपेत माणूस फार कमी गिळतो.

[दृश्य : तपासणीची खोली. दुर्बिणीतून दिसणारा पडदा.]

निरोगी पडदा मोत्यासारखा करडा दिसतो, खालच्या कोपऱ्यात प्रकाशाचा एक त्रिकोण चमकतो. दाब बसलेल्या कानात तो आत खेचलेला दिसतो, पडद्याला चिकटलेल्या हाडाच्या दांडीलगत लाली असते, कधी पडद्यामागे पाण्याचे बुडबुडे, कधी रक्त. नुसते दडे असतील तर काही तासांत, फार तर काही दिवसांत कान सुटतो. मागे पाणी साठलं असेल तर काही आठवडे लागतात.

पडदा फाटला तर बहुतेक वेळा तो आपोआप भरून येतो, दोन-तीन महिन्यांत. त्याला तेवढं कोरडं राहू द्या! आपल्याकडे कान दुखला की लसूण तळलेलं कोमट तेल हमखास निघतं. मायेनं घातलेलं ते तेल भोकातून थेट मधल्या कानात जातं. मनानं आणलेले थेंब, काडी, बड्स, सगळं बंद. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा, नाक जोरात शिंकरू नका. पंचगंगेत सूर मारताना कानावर आपटलेल्या, किंवा कानशिलात बसलेल्या पोरालाही हेच लागू. थपडेनं कानातली हवा दाबली जाते आणि पडदा तसाच फाटतो. नदीचं पाणी आत गेलं असेल तर जंतुसंसर्गाची भीती जास्त, अशा वेळी थांबू नका.

गरगरायला लागलं, ऐकू येणं एकदम कमी झालं, कानात सतत शिट्टी वाजते, पाणी किंवा रक्त येतं, तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी नाक-कान-घशाचे डॉक्टर गाठा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातले असोत वा तुमचे नेहमीचे. आतल्या कानाला इजा असेल तर डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगतात, कुंथायला आणि वजन उचलायला मनाई करतात. ऐकू येणं गेलं असेल तर स्टेरॉइड लवकर सुरू करावी लागतात, कधी शस्त्रक्रियाही. या बाबतीत आठवडाभर वाट बघणं महागात पडतं.

आणि पडदा भरून आला तरी लगेच डायव्हिंगचं बुकिंग करू नका. आधी श्रवणचाचणी करून घ्या, कान आवंढ्याबरोबर नीट सुटतो का ते डॉक्टरांना तपासू द्या. मग पाण्यात उतरायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.