शिळावर्तुळ ते अजब बंगला

(दृश्य : जुनापाणी, सकाळचं ऊन)

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीला हे धोंडे दिसतात, गोलात मांडलेले. ही शिळावर्तुळं, म्हणजे सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. कडेला मोठे धोंडे, आत मुरूम-गोट्यांची भर, तिच्याखाली भांडी, हत्यारं, मणी. काही धोंड्यांवर ओळीत कोरलेले हे छोटे खळगे तिरप्या उन्हातच उठून दिसतात. भर दुपारी आलात तर धोंडा सपाट वाटतो. म्हणून शाळेच्या सहलीची गाडी सकाळी आधी इथे थांबवा.

(दृश्य : मध्यवर्ती संग्रहालय, नागपूर)

मग अजब बंगला. १८६३ सालचं हे संग्रहालय सोमवारी बंद असतं. बहुतेक सहली आधी महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय उरकतात आणि दमलेली पोरं घेऊन इथे येतात. क्रम उलटा ठेवा. पंधरा-वीस मुलांचा एक गट, आणि सगळी दालनं पळत पाहण्यापेक्षा पुरातत्त्वाचं एकच, सावकाश. फोटोची परवानगी असेल तर फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचेवरची चमकच फोटोत येते.

(दृश्य : भांडं, जवळून)

आतून काळं, बाहेरून लाल. असं भांडं भट्टीत उपडं ठेवून भाजत, असं मानतात. आत हवा पोचली नाही, तो भाग काळा राहिला. बाहेर हवा लागली आणि मातीतलं लोह लाल झालं. काठ नीट पाहा, काळा रंग तिथून खाली कुठवर उतरलाय ते दिसतं.

(दृश्य : कुऱ्हाड)

चपटं लोखंडी पातं आणि त्याला आवळलेल्या या आडव्या पट्ट्या. याच पट्ट्यांनी पातं दांड्याला जखडलं जायचं. दांडा कुजून गेला, पट्ट्या राहिल्या. विदर्भातल्या शिळावर्तुळांची ही खास ओळख. लोखंडही इथलंच असणार, कारण पारशिवनी तालुक्यात नैकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज निघाला.

(दृश्य : वावर, धुऱ्यावर लोटलेले धोंडे)

मुरमासाठी जेसीबी लागला की वर्तुळ एका दिवसात जातं, आणि कोणती वस्तू कशाशेजारी होती हे कायमचं पुसलं जातं.

वखराला भांडं, लोखंड, तांबं लागलं तर तिथेच थांबा. चिंचेने घासू नका, धुऊ नका, माती लागलेलीच राहू द्या. जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयात कळवा.