केस पेपर कुठून कुठे जातो

(दृश्य: कॅनडा कॉर्नर, सकाळ. पाट्या, जिने, चपला.)

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरवरून गंगापूर रोडला लागलं की एकेका इमारतीवर डॉक्टरांच्या पाच-पाच पाट्या. पेठ, सुरगाणा, दिंडोरीहून पहिली एसटी धरून आलेली माणसं या जिन्यांवर नंबर लावून बसतात. डॉक्टरांच्या केबिनला दार आहे. आम्ही कॅमेरा दाराबाहेर ठेवला. चेहरे दिसणार नाहीत. पेशंटनी होकार दिला तो याच अटीवर.

(दृश्य: काउंटर, पाठमोऱ्या बाई.)

नाव, वय, मोबाइल. मग प्रश्न येतो, "काय त्रास होतोय?" मागच्या बाकावर गावातलीच माणसं. ताई पदर तोंडाशी धरून काहीतरी सांगतात. "जरा मोठ्यानं बोला, मावशी." काउंटरवरची मुलगी वाईट नाही. कामावर लागताना तिला बिल काढायला शिकवलं. काय विचारायचं आणि कुठे विचारायचं, हे कुणीच शिकवलं नाही.

(दृश्य: केस पेपरचा गठ्ठा, हातांचे क्लोजअप.)

आता या कागदामागे चला. काउंटरवरून तो कंपाउंडरच्या हातात, तिथून टेबलावरच्या गठ्ठ्यात, नाव वर. मग लॅब. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, पण घरात फोन एकच आणि तो दिराकडे. मग खालचं मेडिकल, तिथे गोळ्यांची नावं रांगेसमोर मोठ्यानं वाचली जातात. मग लोखंडी कपाट. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात, आणि रुग्णानं मागितली तर 72 तासांत द्यायची असतात. तीन वर्षांनंतर?

(दृश्य: रद्दीचं दुकान, वजनकाटा.)

हे पाहा. वर्तमानपत्रांच्या खाली सोनोग्राफीचे रिपोर्ट. नावं आम्ही झाकली आहेत. दुकानात ती उघडीच होती.

रुग्णाचं गुपित डॉक्टरांनी कधी सांगायचं, हे त्याच आचारसंहितेत लिहिलंय: न्यायाधीशांचा आदेश असेल, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल, किंवा आजार शासनाला कळवणं बंधनकारक असेल तेव्हा. क्षयरोग 2012 पासून कळवावाच लागतो. शासनाला, शेजाऱ्याला नव्हे. एचआयव्ही आणि मानसिक आजारांसाठी 2017 चे वेगळे कायदे आहेत.

बातमी फुटली की सोयरीक मोडते, काम जातं, उपचार अर्ध्यावर सुटतात.

(दृश्य: दुसरा दवाखाना. पडदा, पुठ्ठ्याचे नंबर, कागद कापणारं यंत्र.)

या दवाखान्यात नावाऐवजी नंबर पुकारतात. त्रास विचारतात तो पडद्याआड. केस पेपर पालथे ठेवतात. रिपोर्ट कोणत्या मोबाइलवर पाठवायचा, हे पेशंटलाच विचारून लिहून घेतात, आणि बंद लिफाफा हवा असेल तर लिफाफा मिळतो. जुने कागद यंत्रातून बारीक होऊनच बाहेर जातात. पडदा शिवून घेतला, नंबर पुठ्ठ्यावर हातानं लिहिले. खर्च झाला तो यंत्राचाच.

(दृश्य: म्हसरूळ, आरोग्य विद्यापीठाचं प्रवेशद्वार.)

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच, म्हसरूळला आहे. राज्यभरातले अनेक डॉक्टर, परिचारिका याच विद्यापीठाच्या परीक्षा देतात. काउंटरवरच्या मुलीसाठी, कंपाउंडरसाठी, लॅबमधल्या पोरासाठीही इथूनच एक छोटा अभ्यासक्रम निघावा. सुरुवात नाशिकच्या दवाखान्यांपासून करता येईल.